तलावावरचं हॉटेल

हॉटेलला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि कुंपणावर पाटी होती: 'सार्वजनिक पाणीपुरवठा. परवानगीशिवाय आत येणाऱ्यावर कारवाई होईल.' ताईने त्या पाटीवर मोठा टॉवेल वाळत घातला. टॉवेल कोरडा होता, म्हणून तिने तो आधी नळाखाली धरून भिजवून आणला. बावीस वर्षं मुख्याध्यापिका राहिलेली बाई खोटं बोलायला निघाली, की तेही नियमात बसवून बोलते.

"अजून एक पाटी आहे," दादा म्हणाला.

"कुठे?"

"टाकीवर. 'क्लोरीन. सावधान.'"

"ती राहू दे. चांगल्या हॉटेलांत असते तशी."

बाबांच्या कपाटाची वाटणी झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, या दोघांमधलं हे सगळ्यात लांब संभाषण होतं. कपाट शेवटी कुणालाच मिळालं नव्हतं. ते बाळच्या दवाखान्यात उभं होतं आणि त्यात दातांचे साचे ठेवले जात होते. पण आज भांडायला वेळ नव्हता. तासाभरात बाळ आईला घेऊन इथे पोचणार होता, आणि तोवर या पंपघराचं हॉटेल करायचं होतं.

बाळ सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याला टक्कल होतं, दोन मुलं होती आणि दातांचा दवाखाना होता. तो तीन वर्षांचा असल्यापासून सहा वर्षांचा होईपर्यंत बाबांनी सगळ्यांना चार उन्हाळे इथे आणलं होतं. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. उन्हाळ्यात इथला कायमचा माणूस महिनाभर रजेवर जाई आणि त्याच्या जागी बाबांची नेमणूक होई. राहायला एक खोली मिळे. मुलांना मात्र त्यांनी सांगितलं होतं, की आपण हॉटेलात चाललो आहोत. ताईने तिसाव्या वर्षी कपाटात बदलीचा कागद पाहिला आणि तिला उलगडा झाला. दादा लिफ्ट तपासनीस. त्याला कुठल्याशा इमारतीच्या तळघरात पाण्याचा पंप ऐकताना अचानक आपली सुट्टी आठवली आणि तो तिथेच खाली बसला. दोघांनी आईला वेगवेगळं गाठून विचारलं. आईने दोघांनाही सांगितलं, "फक्त तुलाच माहीत आहे हं. बाकीच्यांना बोलू नकोस."

बाळला कुणी काही सांगितलंच नाही. आधी लहान होता म्हणून, आणि नंतर इतका मोठा झाला म्हणून.

"मला नाटक जमत नाही," ऑपरेटर म्हणाला. पंप चालवायला इथे नेमलेला, तिशीचा, दाढी वाढलेला, सरळ माणूस. त्याच्या जागी येणारा रिलीव्हर त्रेपन्न दिवसांपूर्वी यायचा होता, तो अजून आला नव्हता. त्रेपन्न दिवसांत त्याच्याशी जे काही बोलणं झालं ते फोनवर आणि आकड्यांत. त्यामुळे सकाळी दोन अनोळखी माणसांनी येऊन "तुम्ही आज मॅनेजर व्हाल का?" असं विचारल्यावर तो कारण न विचारता हो म्हणाला होता.

"नाटक करायचंच नाही," ताई म्हणाली. "तुमचं काम करत राहा. फक्त करताना हसा."

"आणि हा आवाज? त्यांनी विचारलं, हा कसला आवाज, तर?"

"तो नाही विचारणार," दादा म्हणाला. "त्याच्या मते तो समुद्र आहे."

"इथे तलाव आहे, साहेब."

"तीन वर्षांचा होता हो तो."

ऑपरेटरने हसून पाहिलं. ताईने मान हलवली. "दात थोडे कमी. दातांचा डॉक्टर आहे, बघत बसेल."

*

गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती आणि बाळ बोलत होता.

"पलंग आपोआप थरथरायचा, आई. चाळीस वर्षांपूर्वी! आता कुठल्या हॉटेलात मिळतं असं? गेल्या वर्षी आम्ही त्या समुद्रावरच्या हॉटेलात गेलो, स्विमिंग पूल, सगळं. पलंग म्हणजे नुसता दगड. हलेना की डुलेना. मी खाली जाऊन तक्रार केली तर ती रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली."

"तुझी बायको काय म्हणाली?"

"तिचं काय. म्हणाली, आता पुरे."

खरं तर बायको यापेक्षा पुष्कळ जास्त बोलली होती. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि सतरा सुट्ट्या या एका हॉटेलाने नासवल्या होत्या. डोंगरात गेले, तर बाळ म्हणे, तलावावर यापेक्षा शांत होतं. शांत जागी गेले, तर म्हणे, तलावावर कसा छान आवाज असायचा. शेवटी तिने सांगितलं, "एकदाचं जा, शोध ते हॉटेल आणि आमच्या चौघांसाठी खोली घेऊन ये. नाही मिळाली, तर पुन्हा या घरात त्याचं नाव काढायचं नाही." तिच्या आवाजावरून बाळला कळलं, की नाव निघालं तर त्याच्यासकट बाहेर निघेल. त्याने फोनवरच्या नकाशात दोन टेकड्यांमधला तलाव शोधून काढला. नकाशात त्या जागी 'जलशुद्धीकरण केंद्र' लिहिलेलं होतं. हॉटेलशेजारी आता केंद्र झालेलं दिसतंय, असं समजून त्याला वाईट वाटलं होतं. चांगल्या जागा लोक टिकू देत नाहीत.

"तू खूश नाहीस का, आई?"

"आहे ना."

आईने ही सहल टाळायला जमेल ते सगळं केलं होतं. आधी गुडघा दुखवला, मग डोकं, मग रस्ता खराब आहे म्हणाली, आणि शेवटी ताई-दादाला फोन करून पुढे पाठवलं. आता गाडी वळण घेऊन खाली उतरली, तलाव दिसला, आणि त्याच्या काठावरचं ते चौकोनी, पत्र्याच्या छपराचं पंपघर दिसलं. आईने पटकन मान फिरवली. लग्नाच्या मांडवात जुनी ओळख समोर आली, की चारचौघांत आपण जशी फिरवतो, तशी.

*

"अगदी तसंच आहे!" बाळ गाडीतून उतरल्या उतरल्या ओरडला.

"स्वागत आहे," ऑपरेटर हसत म्हणाला.

"तुम्ही मॅनेजर? वा. इथे पूर्वी एक पद्धत होती. पाहुण्यांनी दर तासाला एक आकडा वाचून दाखवायचा. गंमत असायची."

"अजून आहे," ऑपरेटर म्हणाला. पहिल्यांदाच त्याला खरं हसू आलं.

"आणि बाबा म्हणायचे, हे फार मोठं हॉटेल आहे, इथे साध्या माणसांना घेत नाहीत."

"घेत नाहीतच," ताई म्हणाली. "कुंपणावर लिहिलेलंच असतं," असं पुढे दादा बोलणार होता, पण ताईने त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

बाळने खोली पाहिली, पलंग पाहिला, पलंगावर हात ठेवून डोळे मिटले. "थरथरतोय," तो म्हणाला. सगळे खोलीबाहेर गेले. दार लावून तो आडवा झाला.

आता काय झालं ते बाळने आयुष्यात कुणाला सांगितलं नसतं. त्याला काहीच झालं नाही. पलंग थरथरत होता, जसा थरथरायला हवा तसाच. पण त्याच्या डोक्यात सोमवारची साडेदहाची दाढ आली. मग सव्वाअकराची. मग कंपाउंडरने हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह नीट बंद केला असेल ना, हे आलं. पाठ दुखायला लागली. सतरा वर्षं ज्या पलंगासाठी त्याने घरच्यांचं डोकं खाल्लं होतं त्या पलंगावर तो अकरा मिनिटं पडला, आणि त्यातली चार घड्याळ बघण्यात गेली.

त्याला वाटलं, लहानपणी आपण काय करत होतो बरं नक्की? काहीच करत नव्हतो. ते जमायचं कसं?

पण बाहेर ताई होती, दादा होता, दोघं त्याच्यासाठी चक्क एकत्र आले होते. पंच्याहत्तर वर्षांची आई गुडघा घेऊन आली होती. त्यांचा विरस करायचा नाही, असं ठरवून बाळ उठला, दार उघडलं आणि म्हणाला, "स्वर्ग!"

"स्वर्ग!" ताई म्हणाली.

"स्वर्गच," दादा म्हणाला.

मग तिघं व्हरांड्यात ओळीने खुर्च्या टाकून सुट्टी घालवू लागले. बाळने ठरवलं, साडेअकरा ते बारा पाणी बघायचं. अकरा बेचाळीसला त्याने विचारलं, "बारा वाजले का?"

"तेव्हा कसं वाटायचं, दिवस संपूच नये," ताई म्हणाली.

"हो ना."

"आता संपतच नाहीये," दादा म्हणाला, आणि तिघंही न ठरवता एकदम पाण्याकडे बघू लागले.

*

फोन वाजला तेव्हा ऑपरेटर जास्तीची गादी आणायला मागच्या कोठीत गेला होता. फोन पंपघराच्या दाराशी, भिंतीवर होता. हॉटेलात फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही हे बघून बाळ उठला. ताई "थांब" म्हणेपर्यंत त्याने रिसीव्हर कानाला लावला होता.

"रीडिंग द्या," पलीकडचा आवाज म्हणाला.

"मॅनेजर गादी आणायला गेलेत."

"काय?"

"गादी. आम्हाला एक कमी पडत होती."

"कोण बोलतंय?"

"पाहुणा."

"कसला पाहुणा? किती जण आहात तुम्ही?"

"चौघं. दोन खुर्च्या पण कमी होत्या, पण त्याचं काही नाही. सेवा फार चांगली आहे. हसतमुख माणूस आहे."

"हे बघा," आवाज आता जपून बोलू लागला, वेड्याशी बोलतात तसा. "दोन वाजता अर्ध्या शहराला पाणी सोडायचं आहे. टाकी किती भरली आहे ते मला कळायला हवं. तुम्ही पंपाला हात लावलेला नाही ना?"

"तुमचा चुकीचा नंबर लागलाय. हे हॉटेल आहे."

"हॉटेल?" आवाज फाटला. "कुणीही हलू नका तिथून. मी पोलीस पाठवतो आहे."

ताई आणि दादा दोन्ही बाजूंनी धावले. रिसीव्हरसाठी तिथे थोडी ओढाताण झाली. लहानपणी खिडकीजवळच्या जागेसाठी व्हायची तशीच, फक्त आता तिघांनाही धाप लागली. त्या गर्दीत एक हात शिरला, त्याने रिसीव्हर काढून घेतला. आई होती.

तिने उघड्या दारातून आत पंपघरात पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच. डावीकडच्या काट्यावर नजर, उजवीकडच्या काट्यावर नजर, मग डोकं किंचित तिरकं करून आवाज ऐकला.

"नमस्कार. तीन मीटर वीस. दाब साडेचार. दोन नंबरचा पंप चालू आहे, एक नंबर गार व्हायला ठेवलाय." ती थांबली. "नाही हो, पाहुणे कुठले. नवीन माणूस आहे, घाबरला जरा. दोनला पाणी सुटेल. पण तुमच्या दोन नंबरचं बेअरिंग बोलतंय, ते या आठवड्यात बदलून घ्या." तिने रिसीव्हर ठेवला. "पोलीस येत नाहीत."

आत पंप बोलत होता.

"हे हॉटेल नाहीये?" बाळने विचारलं.

"बाळ, इकडे ये, बस," ताई म्हणाली. हे भाषण तिने तेवीस वर्षं मनात तयार ठेवलं होतं. "बाबा इथे ड्युटीवर असायचे. आपल्याला सुट्टीला कुठे नेता येत नव्हतं, म्हणून त्यांनी..."

"म्हणजे खोली मिळणार नाही?"

"अरे, तू नीट ऐकून तरी घे! बाबांनी दिवसभर इथे राबून..."

"कोण राबलं?" आई म्हणाली.

"बाबा."

"बाबा तुमच्याबरोबर पाण्यात होते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मग पंप काय माकडं बघत होती?"

ताईचं तोंड उघडं राहिलं. बाळने सवयीने आत डोकावून पाहिलं.

"पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं," आई म्हणाली. "अर्ध्या तासात त्यांचं डोकं दुखायला लागलं. त्यांना आवाज सहन व्हायचा नाही. म्हणाले, जरा बघतेस का, मुलांना पाण्यावर फिरवून आणतो. मी म्हटलं, जा. तेव्हा गेले ते चार वर्षं गेलेच."

"पण रजिस्टर?" दादाचा आवाज चिरका झाला. "मी पाहिलंय ना ते रजिस्टर. ओळीने आकडे. खाडाखोड नाही. ते अक्षर बघून मी... आई, ते अक्षर बघून मी या लाइनीत आलो! सगळं घर म्हणतं, दादाला यंत्राचं डोकं बाबांकडून आलं!"

"म्हणू दे. सही त्यांचीच होती."

दादा सावकाश पायरीवर बसला. आयुष्यात दुसऱ्यांदा पंपाच्या आवाजाने त्याला खाली बसवलं होतं.

"म्हणजे बाबा मजा करत होते आणि तू इथे मरत होतीस," ताई म्हणाली. तिला राग आला होता. तीन वर्षं दादावर खर्च होणारा सगळा राग मोकळाच होता, तो तिने उचलून बाबांवर ठेवला. "आणि आम्ही त्यांचे फोटो लावतोय भिंतीवर! दादा, ऐकतोस ना? एक महिना बायको पंपावर आणि हे पाण्यात!"

"ऐकतोय," दादा म्हणाला. बहीणभाऊ तीन वर्षांनी एका बाजूला आले.

"मरत कुठे होते?" आई म्हणाली. "तू म्हणतेस ते घरी. घरी आपण अकरा माणसं. एकाला गरम हवं, एकाला गार, तुझ्या आत्याला काय हवं ते तिलाही माहीत नसायचं, पण ते मला कळायला हवं असायचं. या यंत्राला एकच गोष्ट हवी असायची, आणि ती काट्यावर दिसायची."

ती पुढे बोलली. आता सुरू झालंच होतं.

"आणि तुम्ही नसायचात."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे तुम्ही नसायचात. मी दार लावून घ्यायचे. आत इतका आवाज, की कुणी हाक मारली तरी ऐकू येऊ नये. मला फार आवडायचं." तिने साडीचा पदर सारखा केला. "घरी परत जायच्या आदल्या दिवशी मला रडू यायचं. तुम्हाला वाटायचं, तुम्ही रडता म्हणून मी रडते."

ही गोष्ट लपवायला तिने गुडघा, डोकं आणि रस्ता पुढे केला होता. पंपाचं काय, खातं जाऊन नवं खातं आलं, कोण विचारतं. पण आपली आई सगळ्यात सुखी होती ती आपण नसताना, हे कुठल्या मुलांना सांगायचं, आणि कुठल्या वयात?

"मला वाटायचं, कळलं तर वाईट वाटेल तुम्हाला."

"वाटलंच," ताई म्हणाली. त्रेपन्न वर्षांच्या बाईचा खालचा ओठ पुढे आला होता.

बाळ मात्र वेगळ्याच विचारात होता. "म्हणजे तू इथे काम करत होतीस," तो हळूहळू म्हणाला, "आणि ती तुझी सुट्टी होती."

"चार. आयुष्यात चारच झाल्या."

"आणि संपू नये असं वाटायचं?"

"सहा वाजूच नयेत असं वाटायचं."

बाळने सकाळचा पलंग आठवला. मग दोन बोटांनी आईच्या पदराला पंपघराच्या दाराचं लागलेलं ग्रीस झाडायला लागला. ते काही निघण्यातलं नव्हतं.

तेवढ्यात ऑपरेटर डोक्यावर गादी घेऊन आला. हसत होता. सगळ्यांचे चेहरे बघून त्याने विचारलं, "हसणं बंद करू का?"

"करा," आई म्हणाली. "घरी कोण आहे तुमच्या?"

"बायको. आणि मुलगी, सात वर्षांची." त्याने गादी खाली ठेवली. "तिला सुट्टी लागली पंधरा दिवसांपूर्वी. अजून भेट नाही झाली."

"घर किती लांब?"

"मोटरसायकलवर अर्धा तास. पण काकू, पंप सोडून..."

"सहापर्यंत याल? तोवर मी बघते. दोन नंबरचं बेअरिंग बोलतंय, तेही ऐकलंय मी."

ऑपरेटरने तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "बेअरिंगचं मी महिनाभर सांगतोय त्यांना," तो म्हणाला. "ऐकून कळलं तुम्हाला?"

"आई, हे बेकायदा आहे," दादा पायरीवरून म्हणाला. "मी सरकारी तपासनीस आहे. माझ्यासमोर..."

"मग तू तिकडे तोंड करून बस."

दादाने क्षणभर विचार केला आणि तिकडे तोंड केलं. ऑपरेटरने आईला नवी बटणं दाखवली: हिरवं चालू, लाल बंद, पिवळा दिवा लागला तर एक नंबर सुरू करून दोन नंबर थांबवायचा. "एवढंच?" आई जरा हिरमुसली. मग त्याने जुना मोठा व्हॉल्व दाखवला, तो अजून हातानेच फिरवायचा होता, आणि तिचा चेहरा उजळला. पाचव्या मिनिटाला मोटरसायकल गेटबाहेर पडली होती.

"चला," आई म्हणाली. "तुम्ही पाण्यावर जा."

"आई, मी त्रेपन्न वर्षांची आहे," ताई म्हणाली.

"मग काठावर बस."

"ते पाणी शहर पितं," दादा म्हणाला.

"तेव्हाही प्यायचं. काही झालं नाही शहराला."

"पण आम्ही करायचं काय तिथे?" बाळने विचारलं. प्रश्न खरा होता. सकाळपासून तो हेच शोधत होता.

"मला काय विचारतोस? मला कधी माहीत होतं?" आई म्हणाली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. नंतर नुसता पंप.

तिघं दाराकडे बघत उभे राहिले. ताईने एकदा हाक मारून पाहिली. आतून उत्तर आलं नाही. मग दादा पुढे निघाला, त्याच्यामागे ताई, त्यांच्यामागे बाळ. याच क्रमाने ते चार वर्षं या पायवाटेने गेले होते. काठावर दादाने एक काठी शोधली आणि पाणी किती खोल आहे ते तपासू लागला. त्याचं कामच होतं ते. "अरे, तिथे नको, तिथे निसरडं आहे," ताई म्हणाली. "तुला काय माहीत?" दादा म्हणाला. तिने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्याला दाखवायला म्हणून स्वतःच तिथे उतरली.

बाळच्या खिशातला फोन वाजला. बायको होती.

"सापडलं का हॉटेल?"

"सापडलं."

"खरंच?" सतरा वर्षांत ही शक्यता तिने धरली नव्हती. "मग? खोली आहे आपल्याला?"

"नाही. एकच खोली आहे, ती आईने घेतली."

"मग तुम्ही तिघं काय करताय?"

ताईने दादाच्या अंगावर पाणी उडवलं होतं आणि दादा काठी टाकून तिच्याकडे निघाला होता. बाळने एका हाताने बुटाची नाडी सोडायला घेतली.

"आम्हाला बाहेर खेळायला पाठवलंय," तो म्हणाला.